५ फूट ७ इंचांची सेंटर : खेळवावी की नाही?

मृदुला_कोर्ट

नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मी १८ वर्षांखालच्या मुलींच्या संघाला बास्केटबॉल शिकवते. संघात दोघीजणी आहेत. नावं देत नाही. एकीला धाकटी म्हणते, दुसरीला थोरली. धाकटी १६ वर्षांची, उंची ५ फूट ७ इंच. खांदे रुंद, मांड्या भक्कम, आणि रिंगवर आपटलेला चेंडू कुठं पडणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. सरावात मोजले तर सर्वांत जास्त रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) तिचेच निघतात. थोरली ५ फूट ११ इंच. सडपातळ, हात मऊ, १५ फुटांवरून तिचा शॉट बघत राहावा असा. पण पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, रेटारेटी सुरू झाली की ती आपोआप बाहेर सरकते.

बघणारा प्रत्येक जण सांगतो, उंच मुलीला सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या जागी, घाला. मी गेले दोन महिने धाकटीला तिथं खेळवतेय. बरोबरीच्या संघांपुढं निभावलं. मागच्या सामन्यात समोर ६ फूट १ इंचाची मुलगी आली. धाकटीला दुसऱ्या क्वार्टरमध्येच तिसरा फाउल लागला. पाचव्याला बाहेर जावं लागतं, म्हणून तिला बाकावर बसवावं लागलं आणि तिथून सामना हातचा गेला. परत जाताना तिनं विचारलं, "ताई, मी चुकीच्या जागी खेळतेय का?" मला उत्तर देता आलं नाही.

अंगानं आणि डोक्यानं सेंटर, पण उंचीनं नाही, अशा खेळाडूला त्याच जागी ठेवावं, की आत्ताच पॉवर फॉरवर्डकडं, म्हणजे सेंटरच्या शेजारच्या जागेकडं, वळवावं?

टिप_ऑफ

ठेवा. वेस अनसेल्ड, अमेरिकेच्या एनबीए लीगमधला बुटका सेंटर. विषय संपला.

डावखुरा

विषय संपलेला नाही. या प्रश्नावर पहिलं नाव कायम अनसेल्डचं येतं, आणि त्याला ५० वर्षं उलटून गेलीत. जे तरले त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. उंची कमी पडली म्हणून ज्यांचा खेळ दोन-तीन हंगामांत आटोपला त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही.

जुनाजोडा

टिप_ऑफ यांनी नाव घेतलंच आहे तर नीट सांगतो, कारण अनसेल्डकडून शिकण्यासारखी गोष्ट उंचीपलीकडची आहे.

उंची ६ फूट ७ इंच, वजन २४५ पौंडांच्या घरात. १९६८ साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, बाल्टिमोर बुलेट्सनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. आदल्या हंगामात ३६ सामने जिंकलेला संघ त्याच्या पहिल्याच हंगामात ५७ जिंकला. त्या एकाच वर्षी तो सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. त्याआधी हे एकट्या विल्ट चेंबरलेनला जमलं होतं, आणि विल्ट ७ फूट १ इंचाचा.

अनसेल्ड उडीच्या जोरावर रिबाउंड घेत नव्हता. तो आधी जागा घ्यायचा. पाठ लावून समोरच्याला मागं रेटून ठेवायचा, चेंडू आपल्या पुढ्यात पडेल अशी सोय करायचा. आणि चेंडू हातात आल्यावर जमिनीला पाय टेकायच्या आत तो अर्ध्या कोर्टापलीकडं भिरकावायचा. समोरचा उंच सेंटर वळून धावू लागेपर्यंत बुलेट्सचा लेअप (पळत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट) झालेला असायचा. १९७८ मध्ये बुलेट्स विजेते झाले तेव्हा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

मृदुलाताई, तुमची धाकटी रिबाउंड घेतल्यावर काय करते? चेंडू पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढं नेणारीच्या, हातात देते, की लांब पास टाकते?

मृदुला_कोर्ट

@जुनाजोडा, हातात देते. लांब पास शिकवलाच नाही मी. तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

झेप

२०१५ ची एनबीए अंतिम मालिका बघितली नसेल तर चौथा सामना शोधून जरूर बघा. या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं सापडतं.

गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडपुढं १-२ असे मागं. त्यांचा सेंटर अँड्र्यू बोगट, ७ फुटी. चौथ्या सामन्यात कोच स्टीव्ह कर यांनी बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि आंद्रे इग्वोदालाला आणलं. म्हणजे सेंटरचं काम आलं ड्रेमंड ग्रीनकडं, जो तेव्हा कागदोपत्री ६ फूट ७ इंच होता. समोर टिमोफेय मोझगोव्ह, ७ फूट १ इंच.

मोझगोव्हनं त्या रात्री २८ गुण केले आणि १० रिबाउंड घेतले. म्हणजे जी भीती होती ती खरी ठरली. उंच माणसानं बुटक्याच्या डोक्यावरून गुण केले. आणि सामना वॉरियर्सनी १०३-८२ असा, २१ गुणांनी जिंकला.

कारण मोझगोव्हला दुसऱ्या टोकालाही उभं राहावं लागत होतं. तिथं पाचही जण पळत होते, पास देत होते, त्याला रिंगखालून बाहेर ओढत होते. एका टोकाला तो जे कमवत होता त्याहून जास्त त्याचा संघ दुसऱ्या टोकाला गमवत होता. पाचव्या सामन्यात क्लीव्हलंडनंच त्याला बहुतांश वेळ बाकावर ठेवलं. इतके गुण करणाऱ्या सेंटरला पुढच्याच सामन्यात बसवावं लागलं, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वॉरियर्सनी उरलेले तिन्ही सामने घेतले आणि ४-२ ने मालिका जिंकली.

तेव्हा ६ फूट १ इंचाच्या मुलीला धाकटी अडवू शकते का, हा झाला अर्धा प्रश्न. ती मुलगी धाकटीला अडवू शकते का, हा राहिलेला अर्धा.

निळी_जर्सी

+१. शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

डावखुरा

@झेप, उदाहरण सुंदर आहे, पण अर्धवट वाचलं जातंय. ग्रीनला सेंटर म्हणून वॉरियर्सनी सामन्याची सगळी ४८ मिनिटं कधीच वापरलं नाही. बोगट, पुढं पचुलिया, मॅगी, लूनी असा कुणीतरी अंगापिंडाचा माणूस त्यांनी कायम संघात ठेवला. सामन्यातली ठरावीक मिनिटंच ग्रीन रिंगखाली यायचा, कारण रोज रात्री ७ फुटी माणसाशी रेटारेटी केली तर शरीर टिकत नाही हे त्यांना माहीत होतं.

पूर्णवेळ असं करून बघणाराही एक संघ झाला. ह्यूस्टन रॉकेट्स, २०२०. फेब्रुवारीत क्लिंट कपेलाला सोडलं आणि ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला सेंटर केलं. त्यांचा गार्ड वेस्टब्रुक याला रिंगकडं घुसायला वाट मोकळी मिळावी हा हेतू. काही काळ फार छान चाललं. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, दुसऱ्या फेरीत लेकर्स आले. रॉकेट्सनी पहिला सामना जिंकला आणि पुढचे चार सलग हरले. टकरनं जीव ओतला, मी त्याला नावं ठेवत नाही. पण चेंडू रिंगवर आपटला की लेकर्सचे हात आधी पोचायचे.

आणि बार्कलीचं नाव अजून आलं नाही म्हणून मीच घेतो. नोंदलेली उंची ६ फूट ६ इंच, १९८६-८७ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड. इतका ताकदवान बुटका गडी दुसरा झाला नसेल. तरी तो खेळला फॉरवर्ड म्हणून. रॉडमन ६ फूट ७ इंच, सलग ७ वर्षं रिबाउंडमध्ये पहिला, तोही फॉरवर्ड. रिबाउंड घ्यायला सेंटर असावं लागत नाही. धाकटीला फॉरवर्ड करा, रिबाउंड ती तिथूनही घेईल.

झेप

टकरच्या मालिकेबद्दल एक भर. त्या मालिकेत लेकर्सनी आपले दोन्ही पारंपरिक सेंटर, मॅगी आणि हॉवर्ड, जवळजवळ बसवूनच ठेवले होते. सेंटर खेळला अँथनी डेव्हिस. म्हणजे रॉकेट्स हरले ते ७ फुटी खांबापुढं नव्हे. त्यांना हरवलं ते उंच असून गार्डसारखं पळणाऱ्या माणसानं. हा फरक धाकटीसाठी महत्त्वाचा आहे. समोरची ६ फूट १ इंचाची मुलगी पळते का? हे विचारायचं राहिलंच.

मृदुला_कोर्ट

पळत नाही. रिंगखाली ठाण मांडून असते. परत बचावाला येतानाही शेवटची.

पाचवा_फाउल

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो, कारण मी तो मुलगा होतो.

शाळेत १४ व्या वर्षी माझी उंची ५ फूट १० इंच. वर्गात सर्वांत उंच, म्हणून कोचनी रिंगखाली उभं केलं. पुढच्या चार वर्षांत मी एक इंच वाढलो. बाकीचे वाढत राहिले. कॉलेजात मी ५ फूट ११ इंचांचा सेंटर, समोर ६ फूट ४, ६ फूट ५. तरी मी तीन वर्षं टिकलो, आणि त्या तीन वर्षांचा मला आजही अभिमान आहे. बॉक्स आऊट (पाठ लावून समोरच्याला रिंगपासून दूर ठेवणं) कसं करायचं ते मला झोपेतून उठवलं तरी जमेल.

पण त्याच्या वरच्या निवड चाचणीला गेलो तेव्हा निवडणाऱ्यांनी मला गार्डमध्ये पळवून बघितलं. डाव्या हातानं ड्रिबल येत नव्हतं. तीन पॉइंटच्या रेषेबाहेर मी आयुष्यात शंभर शॉट मारले नसतील, कारण कोच ओरडायचे, "तू आत जा." मला रिंगखाली उभं केलं याचा राग नाही. तिथं उभं करून बाकीचं काहीच शिकवलं नाही, याचं दुःख अजून आहे.

अँथनी डेव्हिसचं नाव वर आलंय. तो शाळेत ६ फुटांच्या आसपासचा गार्ड होता. मग झपाट्यानं वाढला आणि ६ फूट १० इंचांवर पोचला. गार्डचं कसब हातात होतं म्हणून तो मोठा झाल्यावर वेगळाच खेळाडू निघाला. १६ वर्षांच्या मुलीचं शरीर आणि खेळ कुठं जाईल हे आज कुणालाच ठरवता येणार नाही. सामन्यात तिला सेंटर खेळवा. सरावात मात्र रोज अर्धा तास तिला गार्डबरोबर पाठवा. एवढं कराच. माझ्यासाठी कुणी केलं नाही.

समीक्षा_प

पाचवा_फाउल, मनापासून लिहिलंत. आवडलं.

इथं सगळी उदाहरणं पुरुषांची येतायत आणि प्रश्न मुलींच्या संघाचा आहे, म्हणून अलिसा थॉमसचं नाव घेते. उंची ६ फूट २ इंच, नोंद फॉरवर्ड अशी. २०२३ च्या डब्ल्यूएनबीए (महिलांची एनबीए) हंगामात कनेक्टिकट सन संघाची ब्रियोना जोन्स जूनमध्ये जखमी होऊन बाहेर गेली. तेव्हा थॉमसनं रिंगखालची जबाबदारी उचलली. तिच्या दोन्ही खांद्यांना जुनी दुखापत आहे, शॉटसाठी हात नीट वर जात नाहीत. तरी चेंडू वर आणणं, पास देणं, आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला अंगावर घेणं, हे सगळं ती एकटी करायची. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ती दुसरी आली.

तिला 'सेंटर' म्हणायचं की 'पॉइंट गार्ड' यावर मी मैत्रिणींशी तासन् तास भांडलेय. अजून ठरलेलं नाही!

टिप_ऑफ

अवांतर : उंचीचे आकडे किती खरे, यावरही बोलूया. २०१९-२० च्या हंगामापासून एनबीएनं बूट काढून मोजायची सक्ती केली, तेव्हा ग्रीनसह कितीतरी जण एका दिवसात इंचभर खाली आले. खेळ मात्र कुणाचाच कमी झाला नाही.

निळी_जर्सी

अवांतराला जोडून : उंची डोक्यापर्यंत मोजतात, पण ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) कुणी डोक्यानं करत नाही. :) हात वर करून मोजा. ग्रीनचे पसरलेले हात ७ फुटांच्या वर भरतात. एनबीएतला सेंटर बॅम अडेबायो ६ फूट ९ इंच, त्याचेही तसेच. मृदुलाताई, दोघींना भिंतीला लावून हात वर करायला सांगा आणि खूण करा. कदाचित चार इंचांचा फरक दोनवर येईल.

शिट्टी

मी रेफरी आहे, म्हणून त्या तीन फाउलांबद्दल लिहितो. मूळ पोस्टमधली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे आणि तिच्याकडं कुणी वळलं नाही.

बुटक्या सेंटरला फाउल उंचीमुळं लागत नाहीत. हात खाली आणल्यामुळं लागतात. समोरची उंच मुलगी चेंडू वर नेते, धाकटीला वाटतं पोचणार नाही, म्हणून ती पुढं झुकून हात मारते. मला मागून स्पष्ट दिसतं. शिट्टी.

नियम तिच्या बाजूचा आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक दंडगोल धरलेला असतो. बचाव करणारी आपल्या जागेवर आधी उभी असेल, दोन्ही हात वर ठेवून सरळ वर उडाली असेल आणि समोरची तिच्या अंगावर आली, तर फाउल बचाव करणारीचा नाही. चेंडूला हात लागला नाही तरी चालेल. फक्त हात सरळ हवेत. कोपर वाकलं, कंबर पुढं आली, की संरक्षण संपलं.

दुसरं, उंच सेंटरला चेंडू मिळाल्यावर तिच्याशी लढाई निम्मी हरलेलीच असते. चेंडू मिळायच्या आधी लढायचं. ती लो पोस्टवर, म्हणजे रिंगच्या अगदी जवळच्या जागी, पोचायच्या आधी छाती लावून तिला दोन पावलं बाहेर थांबवायचं. रिंगपासून ४ फुटांवर चेंडू घेणारी ६ फूट १ इंचाची मुलगी आणि १० फुटांवर घेणारी तीच मुलगी, या दोन वेगळ्या खेळाडू असतात. पाय आधी पोचले तर मला शिट्टी वाजवायचं कारण उरत नाही.

आणि लक्षात ठेवा, तुमचे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) नियमांनी. पाचव्या फाउलला बाहेर. एनबीएत सहावा मिळतो.

अन्वी७

शिट्टी यांनी फिबाचा उल्लेख केला ते फार बरं झालं, कारण त्यात अजून एक मोठी गोष्ट आहे. एनबीएत २००१-०२ पासून बचावाला तीन सेकंदांचा नियम आहे. कुणाला अडवत नसाल तर रिंगखाली नुसतं उभं राहता येत नाही. फिबात तो नियम नाही. तिथं उंच सेंटर रिंगखाली हवं तेवढं उभं राहू शकते, आणि शॉट रिंगला लागल्यावर चेंडू रिंगच्या काठावर नाचत असला तरी त्याला हात लावता येतो. म्हणजे फिबाच्या नियमांत उंचीची किंमत जास्तच.

असं असूनही युरोपात काइल हाइन्स होऊन गेला. १.९८ मीटर, म्हणजे ६ फूट ६ इंच. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लब स्पर्धेत, आयुष्यभर सेंटर खेळला आणि चार वेळा विजेता झाला. ऑलिंपियाकोसकडून २०१२ आणि २०१३, सीएसकेए मॉस्कोकडून २०१६ आणि २०१९. तीनदा युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू. तो पिक अँड रोलवर (एकानं आड उभं राहून चेंडूवाल्या साथीदाराला वाट करून द्यायची चाल) स्विच करून, म्हणजे अडवायचा माणूस बदलून, गार्डला अडवायचा, आणि गार्डनं आत पास टाकायच्या आत परत आपल्या सेंटरपुढं हजर. बचावात तो चौघांना ओरडून जागा दाखवत असायचा. धाकटीला एकच खेळाडू दाखवायचा असेल तर हाच दाखवा. मी त्याचे सामने बघूनच बचाव शिकले.

डावखुरा

हाइन्सचं उदाहरण मला खोडता येत नाही. मान्य.

बॅकडोअर

सगळे प्रतिसाद वाचले. आपण सगळे 'सेंटर' ही एकच खुर्ची धरून बोलतोय. पण बचावात समोरच्या सेंटरला अंगावर घेणं, रिंगचं रक्षण, बॉक्स आऊट, स्क्रीन लावणं (आड उभं राहून साथीदाराला वाट करून देणं) आणि पोस्टमध्ये गुण करणं ही पाच निरनिराळी कामं आहेत. ती पाचही एकाच मुलीनं का करायची?

१९७४ च्या एनबीए अंतिम मालिकेचं उदाहरण घ्या. बॉस्टनचा डेव्ह काउन्स, ६ फूट ९ इंच. समोर मिलवॉकीचा करीम अब्दुल-जब्बार, ७ फूट २ इंच. सहावा सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला आणि शेवटच्या क्षणांत करीमच्या हुक शॉटनं मिलवॉकीनं जिंकला. सातव्या सामन्यात बॉस्टननं काउन्सला एकट्याला करीमपुढं सोडलं नाही. इतर जण मदतीला धावत राहिले. आणि हल्ल्याच्या वेळी काउन्स बाहेर उभा राहून शॉट मारत होता, त्यामुळं करीमला रिंग सोडून बाहेर यावं लागलं. काउन्सचे २८ गुण, १४ रिबाउंड, बॉस्टन १०२-८७.

आता तुमच्या दोघींना यात बसवा. बाहेरून शॉट मारते कोण? थोरली. मग हल्ल्यात थोरलीला फ्री थ्रोच्या रेषेजवळ ठेवा, ६ फूट १ इंचाची मुलगी तिच्यावर असेल तर तिला बाहेर यावंच लागेल, आणि धाकटी मागं मोकळ्या रिंगखाली. बचावात धाकटीनं त्या मुलीच्या मागं राहायचंच नाही. पुढं यायचं, तिच्या आणि चेंडूच्या मध्ये. मग चेंडू तिला एकाच वाटेनं मिळू शकतो, धाकटीच्या डोक्यावरून उंच पासनं. आणि त्या पासच्या खाली थोरली उभी. तिला रेटारेटी नको असते ना? इथं रेटारेटी नाहीच. फक्त लांब हात वर करून चेंडू तोडायचा.

म्हणजे बचावात सेंटर धाकटी, हल्ल्यात सेंटर म्हणाल तर थोरली. कागदावर जे नाव लिहायचं ते लिहा.

जुनाजोडा

वा! डेट्रॉइटची २००४ ची अंतिम मालिका आठवली. बेन वॉलेस, कागदावर ६ फूट ९ इंच, बघणाऱ्यांच्या मते त्याहून कमी, तोही ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला. पण त्याच्या शेजारी ६ फूट ११ इंचांचा रशीद वॉलेस आला आणि कोडं सुटलं. समोरच्या लेकर्सचा सेंटर शकील ओनील यानं त्या मालिकेत सरासरी २६ हून अधिक गुण केले. डेट्रॉइटनं ते करू दिले, बाकीच्यांना दाबलं, आणि ४-१ ने जिंकले. शेवटच्या सामन्यात बेनचे १८ गुण, २२ रिबाउंड. शेजारी कोण आहे यावर बुटक्या सेंटरचं निम्मं नशीब ठरतं.

पाचवा_फाउल

@बॅकडोअर, माझ्या शेजारी थोरली असती तर...

एक सूचना. पुढं येऊन अडवताना धाकटीचा रिबाउंड जाईल, कारण ती रिंगपासून चुकीच्या बाजूला असेल. शॉट सुटला की तिनं वळसा घालून आत यायचं, मुलीच्या मांडीला आपली मांडी लावून. सुरुवातीला दमछाक होते. पण सवय लागते.

मृदुला_कोर्ट

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. तीन दिवस वाचतेय.

भिंतीवर खुणा केल्या. @निळी_जर्सी, फरक अडीच इंचांचा निघाला! दोघी त्या खुणांकडं बघत राहिल्या. थोरलीला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तीच म्हणाली, "म्हणजे तू माझ्याएवढीच आहेस की."

आजपासून बॅकडोअर यांची मांडणी सरावाला घेतली. शिट्टी यांचं दंडगोलाचं सांगणं मी खडूनं जमिनीवर वर्तुळ काढून शिकवलं. दहा वेळा उडायचं, वर्तुळात उतरायचं. धाकटी पहिल्या दहात सात वेळा बाहेर उतरली. तीन फाउल कुठून आले ते मला तिथं कळलं. लांब पासही सुरू केलाय, आणि गार्डबरोबरचा अर्धा तासही.

शिट्टी

वर्तुळाची कल्पना उत्तम. मी उमेदवार रेफरींना शिकवताना वापरीन.

मृदुला_कोर्ट

तीन आठवड्यांनी परत येतेय. काल त्याच संघाशी सराव सामना झाला. ६ फूट १ इंचाची मुलगी होतीच.

आम्ही ४ गुणांनी हरलो. मागच्या वेळी १९ नी हरलो होतो.

धाकटीला पूर्ण सामन्यात तीन फाउल, त्यातला एक शेवटच्या मिनिटातला मुद्दाम केलेला. दंडगोल तिनं दोनदा अचूक साधला, दोन्ही वेळा समोरचीला शिट्टी लागली, आणि दुसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या अर्ध्यात उंच मुलीला आत चेंडू फारसा मिळालाच नाही. थोरलीनं डोक्यावरून आलेले पाच पास तोडले. तिला इतकं हसताना मी आधी बघितलं नव्हतं. लांब पासवर आमचे तीन लेअप झाले.

तिसऱ्या क्वार्टरनंतर त्यांच्या कोचनी उपाय काढला. चेंडू झटकन दुसऱ्या बाजूला फिरवायचे, तिथून आत पास. धाकटी वळसा घालून पोचेपर्यंत उशीर व्हायचा आणि तेव्हा थोरली आपल्या मुलीकडं परतलेली असायची. तिथंच ते चार गुण गेले.

डावखुरा

चौथ्या क्वार्टरमध्ये सेंटर कोण होती?

मृदुला_कोर्ट

धाकटी. पूर्ण दहा मिनिटं. मी विचारलं होतं, बदलू का. ती नाही म्हणाली, आणि यावेळी ती चुकीच्या जागी आहे का हे तिनं विचारलं नाही.

डावखुरा

मग तिला तिथंच ठेवा. फॉरवर्डचं मी मागं घेतो, निदान शेजारी थोरली आहे तोवर. मात्र सलग दहा मिनिटं नको. मध्ये दोन मिनिटं थोरलीला आत घालून हिला श्वास घेऊ द्या.

बॅकडोअर

चेंडू दुसऱ्या बाजूला फिरतो तेव्हा वळसा पाठीमागून घालू नका. चेंडू वरच्या खेळाडूच्या हातात असतानाच धाकटीनं समोरून पाय टाकून त्या मुलीच्या छातीसमोरून पलीकडं जायचं. पास हवेत असताना निघायचं, पोचल्यावर नाही. आधी चेंडूशिवाय, नुसतं बोट दाखवून करून घ्या. दोन पावलांचं काम आहे. उद्या सविस्तर ड्रिल टाकतो.

मृदुला_कोर्ट

वाट बघते. सराव संध्याकाळी ५ ला आहे, त्याआधी टाकता आलं तर फार बरं होईल.